लव्ह यू, ठेवते

कोकणच्या किनाऱ्यावरील बऱ्याच गावांनी आता स्वतःची ओळख करून देण्याची एकच रीत धरली आहे. जेटीच्या तोंडाशी किंवा पुळणीच्या कडेला माणसाच्या उंचीची रंगीत अक्षरे उभी असतात. आधी ‘आय’, मग एक मोठा लाल बदाम आणि त्यापुढे गावाचे नाव. पर्यटक एकेक करून त्या बदामाला टेकतात, फोटो काढून घेतात आणि मासे खायला निघून जातात. पत्त्यांतल्या बदामाचा काळजाशी काही संबंध असतो हे आमच्या पिढीला फार उशिरा कळले; आमच्या लेखी बदामाचे काम बदामसत्तीचा डाव सुरू करून देणे एवढेच होते.

ही अक्षरे आली कुठून याची कथा मोठी गमतीची आहे. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होते, गुन्हेगारीमुळे बदनाम होते, आणि लोकांनी तरीही तिकडे फिरायला यावे म्हणून १९७७ साली तिथल्या राज्य सरकारने जाहिरातीची मोहीम काढली. मिल्टन ग्लेझर या ग्राफिक डिझायनरने टॅक्सीत बसल्या बसल्या कागदाच्या एका तुकड्यावर लाल क्रेयॉनने ती खूण रेखाटली आणि त्या कामाचे पैसेही घेतले नाहीत. तो तुकडा आज न्यूयॉर्कच्याच एका नामांकित कलासंग्रहालयात आहे. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ग्लेझरने आपल्या चित्रात एक बदल केला: ‘पूर्वीपेक्षाही अधिक’ अशा अर्थाचे शब्द त्याने खाली जोडले आणि बदामाच्या कडेला एक छोटा काळा डाग काढला. जगभर पोचला तो मात्र बिनडागी बदाम. आमच्या किनाऱ्यावर तोच आला, आणि ज्या गावच्या वेशीवर तो उभा आहे त्याच गावाच्या वरच्या वाडीत एप्रिल-मेमध्ये पाण्याचा टँकर येतो, हे फोटोत दिसत नाही.

सांगायचे ते एवढेच, की प्रेम हा शब्द सैल हाताने वापरण्याची सुरुवात तरुणांनी केलेली नाही. ती सरकारी खात्यांनी, नगरपंचायतींनी आणि जाहिरातदारांनी केली. तक्रार मात्र तरुणांविषयी असते.

मी तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. सकाळी वर्तमानपत्रे वाचायला येणारी मंडळी बहुतेक निवृत्त असतात. शेजारच्या अभ्यासिकेत पोलीस भरती, तलाठी भरती, राज्यसेवा अशा परीक्षांच्या तयारीला बसलेली मुलेमुली असतात. या दोन खोल्यांच्या मध्ये माझे टेबल आहे, त्यामुळे इकडची कुजबुज आणि तिकडची कुरकुर दोन्ही माझ्या कानांवर पडतात. कुरकुरीचा एक कायमचा विषय असा, की या पोरांनी प्रेम या शब्दाची पार वाट लावली. मैत्रिणीने नोट्स दिल्या की ‘लव्ह यू यार’, घरून घावणे आले की ‘लव्ह इट’, क्रिकेटमध्ये कुणी षटकार मारला की तेच, आणि उद्या कुणी आयुष्यभराची साथ मागितली तरी तेच. मग खऱ्या वेळी बोलायला यांच्याजवळ काय उरणार, असा प्रश्न विचारून ही मंडळी वर्तमानपत्राचे पुढचे पान उलटतात.

हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. मला तो पटत नाही.

वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभे राहून ही मुले घरी फोन करतात ते ऐकावे. आसपासच्या गावांतून येऊन खोली करून राहणाऱ्या मुली तर रोज संध्याकाळी करतात. बोलणे मसाल्याविषयी, धाकट्या भावाच्या निकालाविषयी, गाय व्याली की नाही याविषयी असते, आणि शेवट ठरलेला असतो: ‘लव्ह यू, ठेवते.’ या दोन शब्दसमूहांच्या मध्ये श्वासाएवढीही जागा नसते. पलीकडून आई काय म्हणते तेही कधी कधी ऐकू येते, कारण कोकणातल्या आया फोनवर बोलताना अंतराचा हिशेब धरून आवाज काढतात. ती म्हणते, ‘होय होय. जेवलंस काय?’ सुरुवातीला मला ही दोन माणसे एकमेकींच्या शेजारून निघून जातात असे वाटे. पुढे रोज ऐकून लक्षात आले की तसे मुळीच नाही. लेकीने उंबऱ्यावर एक वस्तू ठेवावी, आईने ती उचलून आपल्याकडची दुसरी वस्तू तिथे ठेवावी, असा तो नीट चाललेला व्यवहार आहे. आईला ‘लव्ह यू टू’ म्हणता येत नाही आणि लेकीला आईसारखे दिवसातून चारदा जेवणाविषयी विचारता येत नाही; दोघींनाही समोरचीचे म्हणणे पोचलेले असते.

कोणी म्हणेल, की रोज म्हटलेले ते वाक्य मनापासून कसे असेल? नसेलच. रोजचे काहीच मनापासून नसते, आणि तसे असण्याची गरजही नसते. आमच्या घरी जुन्या पत्रांचे एक बोचके आहे. त्यातले प्रत्येक पत्र ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ने सुरू होते आणि ‘लोभ असावा ही विनंती’ असे म्हणून संपते. ज्या भावाशी वाटणीवरून कोर्टात भांडण चालू होते त्यालाही आजोबांनी ‘लोभ असावा’ असेच लिहिले आहे, आणि त्या लोभाचा तपशील मला ठाऊक असल्यामुळे ते वाचताना हसू येते. ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ लिहिताना कोणत्या थोराचा चेहरा डोळ्यांपुढे येत असे? तरीही ती ओळ गाळलेले पत्र आले असते तर घरात काळजी पसरली असती. ठराविक शब्दांचे काम हेच असते. ते असताना त्यांच्याकडे कुणी पाहत नाही, आणि नसले की घास घशाखाली उतरत नाही.

आणि पुनरुक्तीने शब्द झिजतो असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्याकडचे गाऱ्हाणे आठवावे. सिंधुदुर्गात आणि दक्षिण रत्नागिरीत जत्रेला, लग्नाला, नव्या घरात पाऊल टाकताना, नारळ-विडा ठेवून गावचा जाणता माणूस देवासमोर उभा राहतो आणि मागणे मांडतो: गावात असलेल्यांना सांभाळ, मुंबईला पोटासाठी गेलेल्यांना सांभाळ, गुरावासरांना सांभाळ, चुकले असेल तर पदरात घे. प्रत्येक मागण्यामागे जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. शब्द पिढ्यान्‌पिढ्या तेच, क्रम जवळजवळ तोच, म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचे लक्ष पुढच्या जेवणाच्या पंगतीकडे. तरी गाऱ्हाणे घासून गुळगुळीत झाले, आता दर बारा वर्षांनी एकदाच घालू या, असे कुणी सुचवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उलट त्या ‘व्हय म्हाराजा’मध्ये मुंबईहून आलेल्या एखाद्या माणसाचा आवाज मध्येच चिरकतो, आणि त्या वर्षी त्याच्या घरी काय घडले ते ठाऊक असलेले लोक खाली पाहतात. शंभर वेळा सवयीने म्हटलेला शब्द एकशेएकाव्या वेळी त्या माणसाला उपयोगी पडतो, तो आधी शंभर वेळा म्हटलेला असतो म्हणूनच.

आता आमच्या मंडळींचा दुसरा मुद्दा: आम्ही बोललो नाही, पण निभावले. हा मुद्दा मी आदराने ऐकते, कारण त्यात तथ्य आहे. आणि पूर्ण मान्य करीत नाही, कारण त्यात सोयही आहे.

गिरणगावात नोकरी करणारा नवरा आणि गावी शेत, सासू-सासरे, पोरे सांभाळणारी बायको, हे कोकणातल्या कित्येक पिढ्यांचे वैवाहिक जीवन. वर्षातून गणपतीला किंवा शिमग्याला होणारी भेट सोडली तर हा संसार टपालावर चाले. १८८० साली भारतात सुरू झालेली आणि जुन्या स्वरूपात २०१५ साली बंद झालेली पोस्टाची मनीऑर्डर हा त्याचा कणा. फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी दोन-चार ओळींची जागा असे. तो निरोप लिहिणारा कधी शेजारच्या खोलीतला साक्षर माणूस असे, आणि इकडे वाचून दाखवणारा पोस्टमन असे, सोबत सासू बसलेली असे. इतक्या कानांतून जाणाऱ्या निरोपात माणूस लिहिणार काय? ‘पैसे मिळाल्याचे कळवणे. गायीचे औषध आणणे. प्रकृतीस जपणे.’ या तिसऱ्या वाक्यात काय ते आले. पैसे मिळाल्याची पोच म्हणून बायकोचा अंगठा किंवा सही घेऊन ती पावती मुंबईला परत जाई. निळ्या शाईतला तो अंगठा परळच्या एखाद्या खोलीतल्या पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवणारे नवरे होते हे मी वाडीतल्या वृद्धांकडून ऐकलेले आहे, आणि ते ऐकल्यापासून ‘त्यांना व्यक्त होता येत नव्हते’ असे सहज म्हणणे मला जमत नाही.

परंतु त्याच वाडीत मनीऑर्डर हळूहळू आटलेल्या बायकाही होत्या. मुंबईत नवऱ्याने दुसरे बिऱ्हाड केले आहे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असे आणि तिला कुणी सांगत नसे. ती जन्मभर कुंकू लावून राहिली, आणि तिचेही निभावणे आम्ही त्याच यादीत धरतो. जिथे कुणी काही बोलतच नाही, तिथे असलेले प्रेम आणि नसलेले प्रेम बाहेरून अगदी सारखे दिसते. त्या मौनाचे गोडवे गाताना ते कुणाच्या पथ्यावर पडले हेही पाहायला हवे. आजची मुलगी निदान विचारू शकते, की तू म्हणतोस खरे, मग मागच्या आठवड्यात फोन का नाही उचललास?

मोजमापाविषयी थोडक्यात. तरुण दिवसातून अमुक इतके बदाम वाटतात याचे जे आश्चर्य व्यक्त होते, त्यात यंत्राचा वाटा कुणी धरत नाही. ट्विटरवर पूर्वी पसंतीसाठी तारा होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीने तो काढून तिथे बदाम बसवला, आणि एका रात्रीत जगातल्या कोट्यवधी लोकांची ‘पसंती’ ‘प्रेम’ होऊन गेली. इन्स्टाग्रामवर फोटोवर दोनदा बोट टेकले की बदामच उमटतो, तिथे दुसरी खूणच नाही. म्हणून एखाद्या मुलाने आजी गेल्याचे लिहिले तर त्याखालीही लाल बदामांची रांग दिसते आणि आमच्या मंडळींना तो निर्लज्जपणा वाटतो. त्या मुलांनी काय करावे? त्यांना द्यायचा असतो खांद्यावरचा हात, आणि कंपनीने हातात दिलेला असतो बदाम.

तर या सगळ्या वापराला मी उधळपट्टी म्हणत नाही. घावण्यांवर प्रेम करावे, षटकारावर करावे, गावाच्या पाटीवर करावे. त्याने कुणाचे काही जात नाही. माझी तक्रार एकाच वापराविषयी आहे, आणि तो वापर ‘तर’ या अव्ययाने ओळखता येतो.

अभ्यासिकेतली एक मुलगी वाचता वाचता मध्येच फोन काढून काहीतरी करी आणि पुन्हा पुस्तकात डोके घाली, हे मी पाहत होते. एकदा तिने आपणहून सांगितले. व्हॉट्सॲपवर आपण कुठे आहोत ते सतत कळवत राहण्याची सोय आहे. ती पंधरा मिनिटे, एक तास किंवा जास्तीत जास्त आठ तास चालते आणि मग आपोआप बंद पडते. तिचा मित्र म्हणे, की खरे प्रेम असेल तर ती बंद पडू द्यायची नाही. म्हणून आठ तास संपत आले की ही पुन्हा सुरू करून देई. मी विचारले, ‘तो त्याचं ठिकाण तुला कळवतो काय?’ तिला हसू आले. ‘मॅडम, मुलग्यांचं काय बघायचं असतं?’ असे तिने म्हटले आणि मग तिचे तिलाच ते वाक्य विचित्र वाटले असावे, कारण ती गप्प बसली. हे एकाच बाजूने होते असेही नाही. फोनमधल्या सगळ्या मुलींचे नंबर मैत्रिणीसमोर बसून पुसणारा मुलगाही मी पाहिला आहे; त्यात त्याच्या मावसबहिणीचाही नंबर गेला. पासवर्ड मागितला जातो तो याच ‘तर’च्या जोरावर. फोटो मागितले जातात तेही.

संगणकाच्या इतिहासात या मागणीचे एक मासलेवाईक उदाहरण आहे. ४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेला एक विषाणू ईमेलमधून पसरला. विषयाच्या जागी ‘आय लव्ह यू’ एवढेच शब्द होते, पत्र ओळखीच्याच माणसाच्या नावाने येई, आणि सोबत प्रेमपत्र म्हणून एक फाइल जोडलेली असे. ती उघडली की विषाणू त्या माणसाच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना तेच पत्र धाडून देई. काही दिवसांत त्याने कोट्यवधी संगणक गाठले. मोठमोठ्या कंपन्यांना आणि सरकारी कार्यालयांना ईमेल बंद ठेवावे लागले. तो लिहिला होता इंटरनेटचे पासवर्ड चोरण्यासाठी. अनोळखी फाइल उघडू नये हे तेव्हाही सांगितले जाई, पण त्या शब्दांपुढे शहाणी माणसे विरघळली, आणि विषाणू लिहिणाऱ्याचा अंदाज बरोबर ठरला. या मुलामुलींना फाइल उघडताना दहा वेळा विचार करायला शाळेतच शिकवलेले आहे. तोच शब्द ओळखीच्या तोंडून ‘तर’सकट आला की मात्र दार उघडते.

हे ‘तर’ त्यांना शिकवले कुणी? इथे आमच्या खोलीतल्या मंडळींनी जरा चष्मा पुसावा असे मला वाटते. ‘आमच्यावर माया असेल तर त्या मुलाचं नाव काढू नकोस.’ ‘माझ्या गळ्याची शपथ घे.’ ‘त्या जातीत लग्न केलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील.’ ही वाक्ये कोणत्याही ॲपवर तयार झालेली नाहीत. ती ओटीवर, माजघरात, देवासमोर उच्चारली गेली आणि मुलांनी ती लहानपणापासून ऐकली. ज्या घरात प्रेम शब्द उघडपणे कधी बोलला गेला नाही त्या घरातही तो या एका रूपात मोकळेपणाने वावरत होता. मुलांनी त्यातले ‘माया’ काढून ‘लव्ह’ घातले; वाक्य आमचेच आहे.

आणि याहून वाईट वापर छापील आहे. एखाद्या मुलीने नकार दिला, मुलाने तिचा पाठलाग केला, धमक्या दिल्या, शेवटी हल्ला केला, की दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर येणाऱ्या वर्तमानपत्रात मथळा असतो: ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला’. ज्यांना ‘लव्ह इट’ने घावण्याचा अपमान झाल्यासारखा वाटतो त्यांतल्या एकानेही या मथळ्याला हरकत घेतलेली मी पाहिलेली नाही. प्रेम हा शब्द इतक्या बेजबाबदारपणे आणखी कुठे वापरला जात असेल असे मला वाटत नाही.

मध्यंतरी अशीच एक बातमी आली तेव्हा अभ्यासिकेतली चार-पाच जणे चालू घडामोडींची टिपणे काढत होती. एकीने मथळा मोठ्याने वाचला, आणि दुसरीने वहीतून मान न उचलता विचारले, ‘ह्येच्यात प्रेम खंय इला?’ मग त्यांच्यात वाद सुरू झाला. भरतीच्या तयारीमुळे कलमे त्यांना तोंडपाठ असतात. २०१३ च्या दुरुस्तीने स्त्रीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा झाला, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे, पहिल्या खेपेस तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तिने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणे आणि तिच्या इंटरनेट-ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे हेही त्यातच येते, हे सगळे एकाने घडाघडा म्हणून दाखवले. व्हॉट्सॲपवाली मुलगी तिथेच बसलेली होती. ‘पाळत’ शब्दाशी तिने एकदा वर पाहिले.

मग मथळा कसा हवा होता यावर चर्चा आली. ‘नकार दिल्याने तरुणीवर हल्ला’ असे एकाने सुचवले, तर मुलींनी ते हाणून पाडले; त्यात दोष तिच्या नकाराकडे जातो, असे त्यांचे म्हणणे पडले. ‘प्रेमाच्या नावाखाली’ हेही चालेना, कारण बातमीत त्या मुलाने प्रेमाचे नाव घेतल्याचेही कुठे लिहिलेले नव्हते, तो शब्द वर्तमानपत्राने स्वतःच्या पदरचा घातलेला होता. शेवटी ‘पाठलाग करणाऱ्याचा तरुणीवर हल्ला’ यावर एकमत झाले. एवढा मथळा त्या जागेत मावेल का, म्हणून एकाने छापील मथळ्यावर बोट ठेवून अक्षरे मोजली. तो मावत होता.